धाधा तेटे: एका कायद्याच्या वर्षभराच्या नोंदी

तबला शिकताना वहीत लिहीत गेले तशाच या नोंदी उतरवते आहे. कायदा म्हणजे तबल्यावरची, ठरलेल्या बोलांची एक रचना. रोजचे आकडे तेवढे गाळले. माझं वय 44, राहणं चिपळूणला, नोकरी हिशेब लिहिण्याची. चाळिशी उलटल्यावर तबल्यासमोर बसायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा. मी सुरुवात केली तेव्हा अशा नोंदी शोधल्या, पण मिळाले ते सगळे सरावलेल्या हातांचे व्हिडिओ.

11 फेब्रुवारी 2024

माळ्यावरून नानांच्या तबल्याचं लाकडी खोड खाली काढलं. नाना म्हणजे माझे सासरे. ते भजनी मंडळात वाजवायचे. ते गेल्यावर तबला-डग्गा बाजारपेठेतल्या जुन्या घरात तळमजल्यावर राहिला आणि 22 जुलै 2021 च्या पुरात चिखलात गेला. पुड्या, म्हणजे तोंडावर ताणलेली कातडी, कुजल्या होत्या, त्या तेव्हाच टाकल्या. खोड आणि डग्ग्याचं पितळी भांडं धुऊन ठेवलं.

पहिली चूक तेव्हाचीच. ऑगस्टमध्ये जी काही उघडीप मिळाली, तिच्यात मी खोड गच्चीवर उन्हात ठेवलं. लवकर वाळावं म्हणून. तोंडापासून खाली चार बोटं लांब चीर गेली. भिजलेलं शिसवी लाकूड सावलीत, वारं लागेल अशा जागी, महिनोन्‌महिने वाळू द्यायचं असतं, हे नंतर कळलं.

25 फेब्रुवारी

कोल्हापूरला नणंदेकडे जाणं होतं. खोड आणि भांडं सोबत नेलं. तिथल्या कारागिरांनी खोडावर ठिकठिकाणी बोटांनी ठोकून कान लावला आणि चीर आतपर्यंत गेलेली नाही असं सांगितलं. भुसा आणि सरस भरून पंधरा दिवस ठेवायचं, त्याआधी पुडी चढवायची नाही. भांड्याचे दोन पोचे काढतो म्हणाले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

त्यांच्याकडे दोन तास बसले. शेजारी एका पुडीवर शाई, म्हणजे मधला काळा गोल, चढत होती. लोखंडाची पूड आणि खळ यांचा काळा लगदा अंगठ्यानं गोल पसरायचा, अगदी पातळ. मग गुळगुळीत दगडानं घोटत राहायचं, ओल जाईपर्यंत. मग त्याहून लहान गोल. पुन्हा दगड. मी असताना पाच थर झाले आणि पुडी अर्धीसुद्धा झाली नव्हती. जाड थर दिला तर चालत नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "जाड थर आठ दिवसांत पापुद्र्यानं निघतो, ताई. मग गिऱ्हाईक परत माझ्याच दारात."

खर्च: चीर भरणं 400, तबल्याची पुडी 850, डग्ग्याची पुडी 1,100, दोन्हींच्या वाद्या (पुडी ताणणाऱ्या कातडी पट्ट्या) 600, गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) 120, चुंबळी 200, हातोडी 250. एकूण 3,520 रुपये.

9 एप्रिल, पाडवा

पहिली शिकवणी. गुरुजी 74 वर्षांचे. नानांच्याच मंडळात होते, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणतात. आठवड्यातून दोनदा जायचं, महिन्याला 800 रुपये.

तासभरात एकच बोल, म्हणजे तबल्याचं एकच अक्षर, सांगितला. ना. अनामिका शाईच्या कडेला टेकलेली, करंगळी तिच्या जवळ, तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावरच्या कातड्यावर, पडायची आणि लगेच उचलायची. गुरुजींनी वाजवला तेव्हा खोलीत सूर उभा राहिला. मी वाजवला तेव्हा पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. तासभर तोच.

16 एप्रिल

पुडी फाटली.

काल रात्री मी एकटीनंच तबला लावायला घेतला होता. मोबाइलवर काळी एकचा सूर सुरू ठेवला. गजऱ्याच्या, म्हणजे पुडीभोवतीच्या कातडी वेणीच्या, सोळा घरांपैकी (वाद्यांमधल्या जागांपैकी) एकच घर उतरलेलं वाटत होतं, म्हणून त्याच घरावर हातोडी मारत राहिले. सूर चढत नव्हता, मी मारत होते. सकाळी पाहिलं तर त्या घरापाशी चाट गजऱ्यापासून सुटली होती. नवी पुडी 850 रुपये, कोल्हापूरला पाठवून परत यायला नऊ दिवस.

आता लावण्याची रीत अशी ठेवली आहे. एकूणच सूर फार उतरला असेल तर आधी गठ्ठे थोडे खाली घ्यायचे. गजऱ्यावर वरून मारलं की चढतो, खालून मारलं की उतरतो. पहिल्या घरानंतर त्याच्या समोरचं नववं, मग पाचवं, मग तेरावं. एका घरावर एकदाच, हलका घाव. पूर्ण फेरी झाली की ऐकायचं, मगच दुसरी फेरी. मला अजून वीस मिनिटं लागतात. गुरुजींना दोन लागतात.

12 मे

वाजवलेले दिवस मोजले तर आज सव्विसावा. ना लागला.

अडचण तर्जनीत नव्हतीच. सगळं लक्ष तर्जनीवर देऊन मी तिचं टोक लाल करून घेतलं होतं. खरी चूक अनामिकेची. ती मी दाबून धरत होते, त्यामुळे पुडीचा श्वासच कोंडला जात होता. गुरुजींनी वर्तमानपत्राची बारीक पट्टी फाडून अनामिकेखाली ठेवली. म्हणाले, वाजव, आणि मी ओढली की ती सुटून आली पाहिजे. पहिल्या तीन वेळा पट्टी फाटली. चौथ्यांदा सरकून बाहेर आली आणि त्याच क्षणी तबला बोलला.

घरी येऊन सासूबाईंना न सांगता वाजवला. त्या आत तांदूळ निवडत होत्या. बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि पुन्हा वाजव म्हणाल्या. पुढचा अर्धा तास मी नुसता ना वाजवत होते आणि त्या तिथेच बसून होत्या.

2 जून

सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका आता हातात आहे. आज पहिला कायदा मिळाला. दिल्ली घराण्याचा, बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्याला आधी मिळतो तोच.

धाधा तेटे धाधा तूना
ताता तेटे धाधा धीना

गुरुजींनी बोटं ठरवून दिली: ते मध्यमा-अनामिका जोडून, टे एकट्या तर्जनीनं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ताताला डग्गा मिटायचा, पुढच्या धाधाला उघडायचा. एका मात्रेला एक अक्षर, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर. "मी सांगेपर्यंत 50," असं दोनदा बजावलं.

7 जुलै

या वहीतली सगळ्यात महागडी नोंद.

19 जूनला मी गुरुजींना न विचारता लय 100 वर नेली. हाच कायदा कुणीतरी चौपटीत वाजवतानाचा व्हिडिओ पाहिला होता आणि अडीच आठवडे 50 वर काढल्यावर मला वाटलं की हात तयार आहे. 100 जमलं, मग 120. कानाला भरीव लागत होतं. रेकॉर्ड करून बहिणीला पाठवलं. तिलाही आवडलं.

आज गुरुजींनी 50 वर वाजवायला सांगितलं आणि दुसऱ्याच तेटेला थांबवलं. "टे कुठल्या बोटानं घेतलास?" मला सांगता येईना. पुन्हा वाजवलं तेव्हा दिसलं. वेगात तर्जनी सुटी पडायला वेळ पुरत नव्हता, म्हणून हातानं आपली सोय पाहिली होती. ते आणि टे दोन्हींना अख्खा पंजाच पडत होता. आणि आता 50 वर आल्यावरही तो तसाच पडत होता. मी ठरवलं तरी तर्जनी एकटी उठेना.

गुरुजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सूनबाई, पळताना ठेच लागली तरी कळत नाही. रक्त घरी आल्यावर दिसतं."

कायदा बंद. फक्त तेटे, लय 40, रोज दहा मिनिटं, डावा हात मांडीवर. बाकी वेळ ठेका.

15 जुलै

तेटे तपासायची एक युक्ती सापडली. घामासाठी बोटांना पावडर लावतोच. शाई काळी असल्यामुळे प्रत्येक बोटाचा ठसा तिच्यावर पांढरा उमटतो. शाई कोरड्या फडक्यानं पुसायची, चारच वेळा तेटे वाजवायचं आणि थांबून पाहायचं. दोन जोडलेले ठसे आणि त्यांच्यापासून सुटा एक ठसा दिसला तर बरोबर. नुसता पांढरा धब्बा दिसला तर पंजा पडला. कानाला जे फसवता येत होतं, ते डोळ्यांसमोर आलं.

आज वीस वेळा तपासलं. बरोबर तीन.

28 जुलै

पाऊस. पुड्या ओल धरतात. तबला रात्रीतून दोन-दोन सूर उतरतो, डग्गा तर पोत्यावर थाप मारल्यासारखा वाजतो. गजऱ्यावर बुरशीचा पांढरा थर आला, कोरड्या फडक्यानं पुसला. नदीचं पाणी वाढल्याच्या बातम्या आल्या की आमच्या घरात आधी तबला-डग्गा वरच्या मजल्यावर जातो, मग बाकीचं सामान. 2021 नंतर हे ठरूनच गेलं आहे.

एक चूक इथेही. डग्गा चढावा म्हणून मी तो दोनदा शेगडीजवळ धरला. तेवढ्यापुरता चढला, सकाळी पुन्हा उतरला आणि चाटेचं कातडं एका बाजूनं ताठ झालं. हे करू नका. आता दोन्ही वाद्यं गवसणी घालून कपाटात ठेवते आणि कपाटात खालच्या कप्प्यात 40 वॅटचा दिवा रात्रभर लावते. दिवा आणि वाद्य यांच्यात दोन फूट अंतर.

तरी दोन आठवडे वाजवण्याजोगं काही राहिलं नाही. गुरुजींनी पढंत करायला लावली. हातानं टाळी द्यायची, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्याला काल, म्हणजे टाळी न देता हात मोकळा, दाखवायचा, आणि कायदा तोंडानं म्हणायचा. मला हा वेळ काढण्याचा उद्योग वाटला होता. चौथ्या दिवशी लक्षात आलं की दुसऱ्या ओळीच्या धाधापाशी माझी जीभही अडखळते. म्हणजे डग्गा तिथे उशिरा उघडतो तो हाताच्या दोषामुळे नाही. तिथे काय यायचंय तेच मला पक्कं ठाऊक नव्हतं. तेवढे दिवस पढंतच केली. नंतर डग्गा लावून बसले तेव्हा ती जागा पहिल्याच दिवशी नीट आली.

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. वाडीतल्या आरतीला तबल्यावर बसवलं. केरवा ताल धरला: धा गे ना ति न क धि न. पहिली आरती बरी गेली. दुसरीपासून झांजा पुढे पळायला लागल्या, मंडळी त्यांच्यामागे, मी त्यांच्यामागे. तिसरीला हात दगड झाला, खांदे कानापर्यंत आले आणि माझी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सुटली. पुतण्यानं टाळ्यांवर आरती पार पाडली. मला फार लागलं, नानांच्या तबल्यावर झालं म्हणून जास्त.

आज गुरुजींना सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. लय वाढली की सगळे बोल भरायचा हट्ट सोडायचा, धा आणि ना एवढेच ठेवायचे, मधलं मोकळं. आणि श्वास सोडत वाजवायचं. मी श्वास रोखून धरत होते, हे मला माहीतही नव्हतं. संध्याकाळच्या आरतीला तसं केलं. शेवटपर्यंत सम सुटली नाही.

14 सप्टेंबर

सलग दहा दिवस ठशांची तपासणी. रोज वीसपैकी वीस. गुरुजींनी कायदा पुन्हा सुरू केला, 50 वर.

हिशेब लिहून ठेवते. चुकीचं वाजवलं 18 दिवस. ते हातातून काढायला लागले 69 दिवस. त्या 69 दिवसांत नवं काही शिकले नाही. जर 19 जूनला मेट्रोनोमला हात लावला नसता तर आज मी पलट्यांवर, म्हणजे कायद्याच्या बोलांची उलटापालट करून होणाऱ्या रूपांवर, असते.

20 ऑक्टोबर

लय 56. गुरुजी दर आठवड्याला फक्त दोननं वाढवतात आणि तेही कायदा सलग दहा आवर्तनं स्वच्छ आला तरच. एक बोल पुसट आला की त्या आठवड्याची बढती रद्द. दोनदा रद्द झाली, दोन्ही वेळा तूनापाशी.

आज त्यांनी थिरकवाँ खाँसाहेबांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. खाँसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला होते, त्यामुळे गुरुजींच्या घरात त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जातं. जलद लयीतही तेटेमधला टे वेगळा ऐकू येत होता. जूनमध्ये हेच ऐकलं असतं तर मला नुसता वेग ऐकू आला असता.

16 डिसेंबर

झाकीरभाई गेल्याची बातमी सकाळी पक्की झाली. शिकवणीचा वार नव्हता, तरी संध्याकाळी सगळेच विद्यार्थी गुरुजींकडे जमलो. सहावीतल्या मुलापासून माझ्यापर्यंत सात जण. गुरुजींनी कुणाला काही बोलायला लावलं नाही. लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, लावला आणि विलंबित तीनताल धरायला सांगितला, नुसता ठेका, अर्धा तास. चार तबले आणि तीन जण टाळी देणारे, मग आळीपाळीनं. इतक्या संथ लयीत दोन मात्रांच्या मधली जागा फार मोठी असते. पहिली दहा मिनिटं मी प्रत्येक मात्रेवर लवकर पोचत होते. नंतर कधीतरी पोचायची घाई सुटली.

19 जानेवारी 2025

उजव्या मनगटात कळ. वर्षअखेरीच्या सुट्टीत रोज दोन-दोन तास बसले, राहिलेलं भरून काढायचं म्हणून. डॉक्टरांचे 500 रुपये, बारा दिवस पूर्ण विश्रांती. या बारा दिवसांत पुन्हा पढंत. आता 35 ते 40 मिनिटांच्या वर एका बैठकीत बसत नाही. दर दहा मिनिटांनी हात मांडीवर.

23 फेब्रुवारी

कायदा दुगुनीत आला. मेट्रोनोम 60, मात्रेला दोन अक्षरं. म्हणजे बोलांचा वेग जूनमधल्या त्या 120 एवढाच. रेकॉर्ड करून तेव्हाच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐकलं. जुन्यात तेटेच्या जागी एक सपाट आवाज आहे, बाकीचे बोल त्याच्या आसपास तरंगताहेत. नव्यात अक्षरं वाचता येतात. बहिणीला दोन्ही पाठवली, कुठलं कधीचं ते न सांगता. तिनं बरोबर ओळखलं.

30 मार्च, पाडवा

वर्ष झालं. वाजवलेले दिवस 280, तास साधारण 168. खर्च: सुरुवातीचे 3,520, फाटलेल्या पुडीचे 850, शिकवणीचे 9,600, डॉक्टरांचे 500. एकूण 14,470 रुपये, प्रवास धरलेला नाही. हाताशी आलं ते असं: तीनताल, केरवा, दादरा यांचे ठेके, एक कायदा आणि त्याचा पहिला पलटा, कायदा 66 वर दुगुनीत. मेमध्ये मारलेल्या ना-चे दिवसही याच हिशेबात आहेत. मी सुरुवातीला मनात धरलं होतं त्याच्या पावपटसुद्धा हे नाही, आणि तरीही यातलं काही परत उचकटायला लागेल असं वाटत नाही.

खोडाची भरलेली चीर पाहिली. सरस तसाच आहे, उघडलेली नाही. पण तिच्या वरची दोन घरं पावसाळ्यात इतरांपेक्षा लवकर उतरतात, ती रोज आधी तपासावी लागतात.

सकाळी गुढी उभारल्यावर गुरुजींकडे गेले. पहिला पलटा ऐकून त्यांनी दुसरा दिला: धाधातेटे तेटेधाधा धाधातेटे धाधातूना. पाठोपाठ दोन तेटे येतात तिथे तर्जनीला पुन्हा पंजात शिरायचा मोह होतो, हे मी एकदा वाजवताच कळलं. गुरुजींनाही कळलं. त्यांनी मेट्रोनोम माझ्या हातातून घेतला आणि 50 वर लावून परत दिला. पावडरचा डबा आणि कोरडं फडकं पुन्हा तबल्याशेजारी ठेवलं आहे.